लाल फुगे आणि पहिला देश

पत्र : ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा दुसऱ्या महायुद्धाचा संगणकावरचा गेम नव्यानेच खेळायला घेतला आहे. पहिल्यांदा ब्रिटन निवडला. आरमार कुठे, विमानं कुठे, इजिप्तमध्ये कोण, सिंगापूरला कोण, काहीच सुधरेना, सोडून दिला. मग सगळे म्हणतात म्हणून जर्मनी घेतला. पोलंडवर चाल केली. माझ्या डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या तुकड्या, त्यांच्या दुप्पट, तरी दोन महिने सीमेवर नुसते लाल फुगे. मित्र म्हणतो, अमेरिका घे, तिला कुणी हात लावू शकत नाही. मला मनातून भारत घ्यायचा आहे. शिवाय जर्मनीकडून खेळताना कसंतरीच वाटतं, ते वेगळंच. कोणता देश घेऊ? फौज पुढे का सरकत नाही? आणि डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायच्या पुरवण्या, घ्यायलाच लागतात का? — वैतागराव

वैतागराव,

तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे, पण तुमच्या उपयोगाचं नाही. अमेरिकेला कुणी हात लावत नाही, म्हणूनच तिच्याकडून खेळून लढाई शिकता येत नाही. १ जानेवारी १९३६ ला गेम सुरू होतो तेव्हा तिच्या मानगुटीवर महामंदी बसलेली असते, युद्धात पडायची लोकांची इच्छा नसते, आणि सगळं इतिहासाप्रमाणे घडलं तर ७ डिसेंबर १९४१ चा पर्ल हार्बर उजाडेपर्यंत तुम्ही फक्त कारखाने बांधत बसता. त्यानंतर एकदम दोन महासागर अंगावर येतात. अमेरिकेची जवळजवळ प्रत्येक मोहीम समुद्र ओलांडून सुरू होते. त्यासाठी आधी त्या सागरी पट्ट्यात आरमाराचं वर्चस्व हवं, मग वाहतुकीची जहाजं, मग तयारीचे दिवस. आणि एवढं करून फौज उतरली तरी बंदर हाती लागलं नाही तर ती तिथेच उपाशी मरते. या गेममधला सगळ्यात किचकट प्रकार तो हाच. पहिल्या धड्याला तो नको.

देश निवडताना कारखाने आणि रणनौका मोजू नका. दोनच गोष्टी बघा. पहिलं युद्ध कधी पेटणार हे तुमच्या हातात आहे का? आणि पेटलं की नकाशावर किती ठिकाणी लक्ष ठेवावं लागेल?

ब्रिटन दुसऱ्या प्रश्नावर आपटतो. जिब्राल्टरपासून हाँगकाँगपर्यंत पसरलेलं साम्राज्य, प्रत्येक ठिकाणी मूठभर फौज, आणि सगळी मदार आरमारावर. तुमचं काही चुकलं नाही, देश चुकला. फ्रान्स पहिल्या प्रश्नावर आपटतो : घरात राजकीय गोंधळ, बाहेर जर्मनी, आणि तारीख जर्मनी ठरवणार. जपानला चीनचं युद्ध हवं तेव्हा सुरू करता येतं, पण चीनच्या आतल्या भागात रस्ते नाहीत, रेल्वे नाही, आणि ते संपता संपता पॅसिफिक महासागर उघडतो.

आता लोकांना पटणार नाही असं एक सांगतो. गेमचं ट्युटोरियल इटली देतं, म्हणून बरेच जण इटलीच घ्यायला सांगतात. घेऊ नका. सुरुवातीलाच इथिओपियाचं युद्ध चालू असतं, ते वरवर सोपं दिसतं : समोरची फौज दुबळी, तुमच्याकडे विमानं. पण जमीन बघा. डोंगर, कच्ची रसद, आणि तुमची फौज दोन तुकड्यांत विभागलेली, एक उत्तरेला इरिट्रियात आणि दुसरी दक्षिणेला सोमालियात. नवखा खेळाडू तिथे अडकतो आणि आपल्यालाच खेळता येत नाही असं समजून बसतो. प्रत्यक्षात त्याला गेममधल्या सगळ्यात वाईट भूभागावर लढायला लावलेलं असतं. ते संपलं की लिबिया, आल्प्स, बाल्कन आणि भूमध्य समुद्र एकाच वेळी दार ठोठावतात.

भारत घ्यायची इच्छा समजते. तो घ्याच, पण तिसरा किंवा चौथा. ‘ब्रिटिश राज’ म्हणून तुम्ही ब्रिटनच्या अमलाखाली असता, युद्ध कुणाशी करायचं हे लंडन ठरवतं. लोकसंख्या अफाट, पण सुरुवातीला तिच्यातला फारच थोडा भाग सैन्यात भरती करता येतो, आणि कारखाने मोजकेच. या सगळ्यातून वाट काढत स्वातंत्र्याकडे जाण्यात भारताच्या खेळाची खरी मजा आहे; पण भरतीचे कायदे, कारखान्यांचा क्रम, ब्रिटनच्या वर्चस्वातून सुटायची पद्धत हे सगळं आधी माहीत असेल तरच ती कळते.

उरतो तो जर्मनीच, आणि तुम्हाला तोच परत घ्यायला सांगतो. ऱ्हाइनलँड, ऑस्ट्रिया, सुडेटनलँड, डान्झिग या क्रमाने फोकस (देशाने पुढे काय करायचं याची ठरलेली उद्दिष्टं) घेत गेलात की प्रत्येक पायरी कधी चढायची ते तुम्ही ठरवता. एक फोकस साधारण ७० दिवसांचा, म्हणजे पहिल्या खऱ्या लढाईपर्यंत तयारीला साडेतीन वर्षं मिळतात. खेळ सुरू करताना ‘ऐतिहासिक फोकस’ चालू ठेवा, म्हणजे बाकीचे देश भलतंच काही करणार नाहीत. आयर्नमॅन, म्हणजे जुन्या सेव्हवर परत जाऊ न देणारा प्रकार, बंद ठेवा, वरचेवर सेव्ह करा. आणि महत्त्वाचं म्हणजे मुक्काम आधीच ठरवा : पॅरिस पडलं की हा खेळ संपला. मॉस्को, लंडन काही नाही. पोलंड, मग बेल्जियममार्गे फ्रान्स, एवढ्यात या गेममधलं जमिनीवरचं जवळजवळ सगळं युद्ध शिकून होतं.

जर्मनीकडून खेळताना कसंतरी वाटतं हे लिहिलंत, ते बरं केलंत. तसं वाटायलाच हवं. गेममध्ये नरसंहार नाही, तो मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्यामुळे पडद्यावर कारखाने, बाण आणि आकडे उरतात, आणि त्या आकड्यांखाली काय घडत होतं ते खेळणाऱ्याला स्वतःच आठवावं लागतं. ‘वेकिंग द टायगर’ या पुरवणीने हिटलरविरुद्ध सेनानींनी उठाव करायचा मार्ग आणला, पण तो यादवी युद्धातून जातो, नवख्याला पेलणारा नाही. अगदीच नको वाटत असेल तर कॅनडा घ्या. खऱ्या इतिहासात तो १० सप्टेंबर १९३९ ला युद्धात उतरला. जमिनीवर त्याच्या सीमेला शत्रू नाही, घर सांभाळायची चिंता नाही. माणसं कमी, म्हणून एकच फौज नीट घडवायची आणि ब्रिटनच्या शेजारी उभी करायची. तारीख तुमच्या हातात राहणार नाही, पण लक्ष एकाच ठिकाणी ठेवावं लागेल. मला हा पर्याय आवडतो. मात्र त्यात हल्ल्यापेक्षा बचाव जास्त शिकाल.

आता लाल फुगे.

दोन प्रांतांच्या मध्ये जो फुगा दिसतो, त्यावर क्लिक करायची सवय लावा. तो लाल म्हणजे लढाई तुम्ही हरताय. बहुतेक नवखे तो रंग बघतात आणि आणखी चार डिव्हिजन तिकडे ढकलतात. फुगा उघडला की लढाईचा सगळा हिशेब समोर असतो : जमीन कसली आहे, मध्ये नदी आहे का, आकाश कुणाचं, कोण खंदकात बसलंय, आणि प्रत्येक बाजूच्या किती डिव्हिजन खरोखर लढताहेत. शेवटची गोष्ट नीट बघा. प्रत्येक भूभागात एका वेळी ठरावीक रुंदीचीच फौज लढू शकते. तुमच्या दुप्पट डिव्हिजनपैकी निम्म्या मागे रांगेत उभ्या होत्या. त्या पोलंडविरुद्ध लढत नव्हत्या, फक्त तुमची रसद खात होत्या.

मग डिव्हिजनवरच्या पट्ट्या बघा. हिरवी पट्टी म्हणजे संघटन, दुसरी म्हणजे उरलेली माणसं आणि शस्त्रं. संघटन संपलं की डिव्हिजन लढाई सोडते, माणसं शाबूत असली तरी. दोन महिने सतत हल्ला चालू ठेवलात म्हणजे तुमच्या फौजेची हिरवी पट्टी कधी भरलीच नसणार. नदीपलीकडे खंदकात बसलेल्या शत्रूवर दमलेली फौज पुनःपुन्हा फेकली की फुगा लालच राहतो, मग डिव्हिजन दुप्पट असोत की चौपट. हल्ला थांबवा, फौजेला दम घेऊ द्या. हल्ल्याची दिशा दाखवायला नकाशावर आखलेल्या बाणाजवळ नियोजनाचा बोनस भरत जातो; तो भरल्याशिवाय हल्ल्याचं बटण दाबू नका. शांततेच्या काळात गेम पाचच्या वेगाने पळवा, लढाईत दोन-तीनवर आणा, आणि स्पेसबार हाताशी ठेवा. पॉज करून विचार करणं म्हणजे फसवणूक नव्हे.

पण खरं उत्तर पोलंडच्या नकाशात आहे. १९३९ मध्ये तो तीन बाजूंनी तुमच्या कह्यात असतो : उत्तरेला पूर्व प्रशिया, पश्चिमेला पोमेरानिया आणि सायलेशिया, दक्षिणेला स्लोवाकिया. मधला पोझनानचा भाग तुमच्या दिशेने पुढे आलेला. सगळ्या सीमेवर एकच फ्रंटलाइन (आघाडीची रेघ) ओढून वॉर्साच्या पलीकडे एक बाण काढलात, तर संगणक तुमची फौज सगळीकडे सारखी पसरतो आणि सगळीकडे एकदम टक्कर देतो. कुठेच जोर राहत नाही. पोलिश फौज एक प्रांत मागे सरकते, चार दिवसांत ताजीतवानी होते, परत उभी राहते.

त्याऐवजी असं करून बघा. पोझनानसमोर पायदळ ठेवा आणि त्याला फक्त जागा धरायला सांगा, एक पाऊलही पुढे नको. चार ते सहा रणगाडा आणि मोटराइज्ड डिव्हिजनचा एक गट सायलेशियातून लॉड्झच्या दिशेने वॉर्साकडे. तसाच दुसरा गट पूर्व प्रशियातून खाली वॉर्साकडे. हे दोन्ही गट बाणावर सोडू नका, स्वतःच्या हाताने हलवा. फट दिसली की आत शिरा, तटबंद शहर आलं की वळसा घाला, मागून पायदळ आणून दोन्ही कडा भरत चला. दोन्ही टोकं मिळाली की मधली फौज कात्रीत सापडते. तिला मागे हटायला जागा नसते आणि रसद तुटलेली असते. अशी डिव्हिजन हरली की परत उभी राहत नाही, ती नकाशावरूनच जाते. १९३९ च्या सप्टेंबरात असंच झालं. पश्चिमेला राहिलेल्या पोलिश ‘पोझनान’ सैन्याने ९ तारखेला ब्झुरा नदीवर जोरदार प्रतिहल्ला केला, जर्मनांना काही दिवस हादरवलं, आणि दहा-एक दिवसांत वेढ्यात संपलं. तुमच्या खेळातही असा प्रतिहल्ला होईल. तो झाला म्हणून रणगाडे मागे बोलावू नका. पायदळ कशासाठी ठेवलंय?

फ्रान्स आणि ब्रिटन त्याच वेळी युद्धात येतील. एका सेनापतीच्या हाताखाली २४ डिव्हिजन नीट मावतात. तेवढं पायदळ आधीच फ्रान्सच्या सीमेवर बसवून ठेवा आणि पोलंड संपेपर्यंत तिकडे बघूही नका. फ्रान्सची पाळी आली की जर्मन सीमेवरच्या त्याच्या मॅजिनो तटबंदीवर डोकं आपटायचं नाही. बेल्जियममधून आत शिरून समुद्राकडे वळायचं आणि उत्तरेकडची फौज किनाऱ्यापाशी कोंडायची. कात्री तीच, फक्त मोठी.

विमानांचं थोडक्यात. लढाऊ विमानं ज्या हवाई पट्ट्यात युद्ध चालू आहे तिथेच लावा, आणि पल्ला पुरतो का ते बघा. दूरच्या तळावरून अर्धीच कामगिरी होते. आकाश तुमचं झालं की बचाव करणाऱ्या शत्रूला फटका बसतो, आणि जवळून मारा करणारी बाँबर विमानं जमिनीवरच्या लढाईत हातभार लावतात. खाली लढाई चालू नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

डिव्हिजनच्या टेम्प्लेटबद्दल, म्हणजे तिच्यात काय काय भरायचं त्या आराखड्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. जुन्या सल्ल्यांत ‘७ पायदळ, २ तोफा’ असा मंत्र वाचायला मिळेल. पायदळाच्या बटालियनची रुंदी २, तोफांची ३. सात दुणे चौदा आणि सहा मिळून वीस. तेव्हा प्रत्येक भूभागाची लढाईची रुंदी ८० होती, त्यात वीसच्या चार डिव्हिजन चपखल बसायच्या. २०२१ च्या नोव्हेंबरात ‘नो स्टेप बॅक’सोबत आलेल्या अपडेटने मैदान, जंगल, डोंगर प्रत्येकाची रुंदी वेगळी केली, आणि तो मंत्र तिथेच संपला. आता एवढं पुरे : ९ पायदळ, १ तोफखाना, मदतीला इंजिनिअर आणि सपोर्ट आर्टिलरी. बचावाला ही डिव्हिजन चांगली टिकते. रणगाड्यांच्या डिव्हिजनमध्ये नुसते रणगाडे भरू नका. मोटराइज्ड पायदळ मिसळून संघटन तीसच्या वर ठेवा, नाहीतर दोन लढायांत गाडी बंद पडते.

टेम्प्लेट कितीही सुंदर असलं तरी शस्त्रं नसतील तर ते कागदावरच. माझा अंदाज, तुमच्या निम्म्या डिव्हिजन अर्ध्या शस्त्रांवर लढत होत्या. लॉजिस्टिक्सच्या पानावर रायफलींसमोर लाल आकडा असेल तर नवी डिव्हिजन काढू नका. उत्पादनाची नवी लाइन १० टक्के कार्यक्षमतेने सुरू होते आणि रोज थोडी थोडी वाढते. सुरुवातीच्या तंत्रज्ञानात तिची मर्यादा ५० टक्के असते. वेगळ्याच प्रकारचं शस्त्र त्या लाइनवर टाकलंत की कमावलेली कार्यक्षमता बरीचशी पाण्यात. म्हणून १९३६ मध्येच रायफली, तोफा, सपोर्ट साहित्य, ट्रक, लढाऊ विमानं आणि एका प्रकारचे रणगाडे अशा लाइन लावा आणि त्यांना हात लावू नका. पहिली दोन वर्षं नागरी कारखाने, मग लष्करी. एका बांधकामावर जास्तीत जास्त १५ नागरी कारखाने लागतात, त्यामुळे यादीत तळाला टाकलेलं काम वर्षभर तसंच पडून राहतं. हवं ते वर ओढा.

जर्मनीकडे पोलाद आहे, तेल नाही. रोमानियाकडून घ्या. व्यापारात दिलेल्या एका नागरी कारखान्यामागे मालाची ८ एककं मिळतात. युद्धाआधी इंधनाचा साठा करा, आणि रणगाड्यांना सतत सराव करायला लावू नका, सरावातही इंधन जळतं.

पॅरिसनंतर हात शिवशिवलेच तर सोव्हिएत युनियनवर चाल करण्याऐवजी नवा खेळ सुरू करून सोव्हिएत युनियनच घ्या. दुसऱ्या देशासाठी तो उत्तम आहे : तयारीला पाच वर्षं, काळ्या समुद्रापासून बाल्टिकपर्यंत एकच लांब आघाडी, आणि मागे सरकायला भरपूर जागा. रसद काय चीज असते ते तिथे नीट कळतं. नकाशाचा रसदीचा मोड उघडला की दिसेल, डेपो रेल्वेने जोडलेले असतात आणि त्यांच्यापासून दूर गेलं की फौज सुकते. खऱ्या जर्मन सैन्याला तर तिथे रूळसुद्धा जुळत नव्हते : त्यांचे १४३५ मिलिमीटरचे, सोव्हिएतांचे १५२४.

डीएलसी आत्ता एकही घेऊ नका. सातही मोठ्या देशांची फोकसची झाडं मूळ गेममध्ये आहेत. ‘मॅन द गन्स’ घेतलीत की जहाजं स्वतः रचायची, ‘नो स्टेप बॅक’ घेतलीत की रणगाडे, ‘बाय ब्लड अलोन’ घेतलीत की विमानं. म्हणजे आधीच गोंधळलेल्या माणसासमोर आणखी तीन पडदे. भारताकडे वळाल तेव्हा ‘ग्रेव्हयार्ड ऑफ एम्पायर्स’ बघा, तीत भारताचं झाड नव्याने मांडलं आहे. मात्र विकत घ्यायच्या आधी मूळ गेममधला भारत एकदा १९३९ पर्यंत खेळून बघा, आणि सवलत लागेपर्यंत थांबा. या गेमच्या डीएलसींवर ती वरचेवर लागते.